धागा: चहाविना पाच वर्षं (प्रोव्होच्या मॉर्मन विद्यापीठातले दिवस)

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

परवा इथेच कुणीतरी विचारलं होतं, "मुलाला बीवाययूत प्रवेश मिळतोय, फी परवडण्यासारखी आहे, पण तिथे दाढीसुद्धा ठेवू देत नाहीत म्हणे. खरं का?" दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

खरं आहे. बीवाययू म्हणजे ब्रिगम यंग विद्यापीठ, अमेरिकेतल्या युटा राज्यातलं प्रोव्हो गाव. मी २०१४ ते २०१९ तिथे स्थापत्य अभियांत्रिकीत पीएचडी केली. मूळचा साताऱ्याचा, घरचे सगळे शाकाहारी, मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) हा शब्द जाण्याआधी धड ऐकलेलाही नव्हता. विद्यापीठ १८७५ सालचं, चर्चच्या मालकीचं. शंभरातले अठ्ठ्याण्णव विद्यार्थी त्याच पंथाचे. चर्चच्या सभासदांना जेवढी फी, त्याच्या दुप्पट बाहेरच्यांना. सभासद आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देतात, त्याच पैशातून विद्यापीठाला मोठा हातभार लागतो, म्हणून हा फरक. पण ती दुप्पट फीसुद्धा अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठांच्या मानाने कमीच.

प्रवेशाच्या वेळी ऑनर कोडवर, म्हणजे वागणुकीच्या नियमांच्या कागदावर, सही करावी लागते. दारू नाही, तंबाखू नाही, लग्नाबाहेर शरीरसंबंध नाहीत, पुरुषांनी दाढी राखायची नाही. आणि चहा-कॉफी नाही. हे सगळं कॅम्पसवर आणि कॅम्पसबाहेर, सभासदांना आणि आमच्यासारख्या पाहुण्यांनाही सारखंच. दारूचं मला काही नव्हतं. पण चहा? आमच्या घरी सकाळी सहाला पहिलं आधण चढतं ते रात्री दहापर्यंत. सही करताना मी त्या ओळीवर किती वेळ थांबलो होतो ते मला अजून आठवतं.

चहाची बंदी १८३३ सालच्या त्यांच्या एका धर्मवचनातून आली. त्यात 'उष्ण पेयं' टाळा असं म्हटलंय आणि त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा लावला गेला. गंमत म्हणजे गरम चॉकलेट चालतं, थंड केलेला चहा चालत नाही. म्हणजे प्रश्न उष्णतेचा उरलेला नाही, त्या झाडाचा आहे. हे कळल्यावर माझ्या डोक्यात दिवा पेटला: गवती चहा हे चहाचं झाडच नव्हे!

तिथल्या आशियाई वाणसामानाच्या दुकानात गवती चहाचे जाड देठ मिळतात. ते खलबत्त्यात ठेचायचे, पाण्यात आलं किसून दोन्ही चांगलं उकळू द्यायचं, मग साखर, आणि दूध सगळ्यात शेवटी. आलं कच्चं असताना दूध घातलं तर फाटतं. पहिल्यांदा केला तेव्हा त्या वासाने माझे तिन्ही खोलीमित्र स्वयंपाकघरात आले. एकाने विचारलं, याला काय म्हणतात? मी म्हटलं, गवती चहा. आता 'चहा' हा शब्द बऱ्याच भाषांत ओळखीचा. तो एकदम गप्प झाला. मी देठ हातात दिला, वास घ्यायला लावला, गवत आहे म्हणून सांगितलं. त्याने फोनवर वनस्पतीचं नाव शोधून खात्री केली आणि मगच कप पुढे केला. कुणी बघत नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. ती खात्री त्याने स्वतःसाठी केली. त्या दिवसापासून मला त्या मुलांबद्दल जो आदर वाटायला लागला तो आजही आहे.

दुसऱ्या वर्षी सुट्टीत घरी आलो. आईने सवयीने कप पुढे ठेवला. मी म्हटलं, आई, सही केलीय. सातारा काय आणि प्रोव्हो काय, शब्द दिलाय. बाबा म्हणाले, इथे तुला कोण बघतंय? आई मात्र काही न बोलता कप उचलून आत गेली, परसातली चार पाती तोडून आणली आणि म्हणाली, "पाच वर्षांचं व्रत आहे म्हण ना मग, आधी नाही का सांगायचं." तिने एका वाक्यात समजून घेतलं. मला ते समजायला वर्ष लागलं होतं.

आणखी दोन-तीन गोष्टी सांगतो, कारण बाहेर फक्त दाढीचीच चर्चा होते.

रोज सकाळी झेंडा चढवताना आणि संध्याकाळी उतरवताना कॅम्पसभर राष्ट्रगीत वाजतं. त्या वेळी सगळे जागच्या जागी थांबतात. जानेवारीतली सकाळ, गुडघाभर बर्फ, पाठीवर दप्तरं घेऊन शेकडो मुलं तासाला पळतायत आणि पहिला सूर आला की सगळं स्तब्ध. सायकलवाला उतरून उभा. फक्त तोंडातून निघणाऱ्या वाफा हलताना दिसतात. गीत संपलं की पुन्हा तीच पळापळ. मी परक्या देशाचा, पण पाच वर्षं त्यांच्यासोबत उभा राहिलो.

मंगळवारी ११:०५ ला प्रवचन. त्या तासाला वर्ग नसतात, कार्यालयंसुद्धा बंद. रविवारी अख्खं कॅम्पस शांत, खाण्याची दुकानं बंद, आणि विद्यापीठाचा कुठलाच संघ रविवारी खेळत नाही. स्पर्धा राष्ट्रीय पातळीची असली तरी वेळापत्रक त्यांच्यासाठी बदलावं लागतं.

आणि डोंगरावरचं ते अक्षर. कॅम्पसच्या पूर्वेला डोंगराच्या छातीवर पांढरा इंग्रजी 'वाय' आहे, ३८० फूट उंच. १९०६ साली विद्यार्थ्यांना खरं तर तीन अक्षरं काढायची होती. डोंगरावर माणसांची रांग लावून चुना, वाळू, दगड हातोहात वर पोचवायला घेतले. पण एकाच अक्षराला दिवस संपत आला आणि सगळ्यांचा दम निघाला. म्हणून फक्त 'वाय' राहिला, आणि लोक विद्यापीठालाच 'द वाय' म्हणायला लागले. पाऊलवाट मैलभराची, पण चढ अंगावर येतो. अजिंक्यतारा रोज चढणाऱ्यालासुद्धा धाप लागते, कारण मुळात प्रोव्होच समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर.

विचारा काय विचारायचं ते.

---

शेवंती

धागा मनापासून आवडला. माझी मुलगी बारावीला आहे आणि नात्यातल्या एकांनी याच विद्यापीठाचं नाव सुचवलंय, म्हणून तुम्हाला स्पष्टच विचारते. धर्म बदलायचा आग्रह होतो का? आणि ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. निभेल का?

---

कृष्णाकाठ

शेवंतीताई, आग्रहाचं आधी सांगतो. बोलावतात. नक्की बोलावतात. त्यांच्या दृष्टीने त्यांच्याकडे जे सर्वात चांगलं आहे ते तुम्हाला द्यावं हे प्रेमच आहे. मला पहिल्या महिन्यात तीन वेळा आमंत्रण आलं. मी एकदा नीट बसून सांगितलं की माझी श्रद्धा माझ्यापुरती पक्की आहे, तुमच्या प्रार्थनेला मी सोबत बसेन, पण बाप्तिस्मा घेणार नाही. त्यानंतर मैत्रीत तसूभर फरक पडला नाही. मात्र 'बघू', 'विचार करते' असं मोघम बोललं की ते खरंच वाट बघतात. मुलीला स्पष्ट बोलायला शिकवून पाठवा.

एक लक्षात घ्या, पदवीला असेल तर १४ क्रेडिट धर्माच्या विषयांची घ्यावीच लागतात, आणि त्यात मॉर्मनचं पुस्तक (त्यांचा धर्मग्रंथ) अभ्यासावं लागतं. शिवाय दरवर्षी धर्मगुरूचं शिफारसपत्र लागतं. पंथाबाहेरच्यांनी ते आपल्या धर्मगुरूकडून आणलं तरी चालतं, किंवा राहत्या भागातल्या बिशपकडून. बिशप म्हणजे पगारी पुजारी नव्हे. आमच्या भागातले बिशप दातांचे डॉक्टर होते, संध्याकाळी दवाखाना बंद करून मुलांना भेटायचे. मला त्यांनी वर्षातून एकदा समोर बसवून एवढंच विचारलं, "दिलेला शब्द पाळतोयस ना?"

खाण्याचं: दूध, दही, भाज्या, डाळी सगळं मिळतं. विद्यापीठाची स्वतःची डेअरी १९४९ पासूनची आहे, तिथलं चॉकलेट दूध आणि आइस्क्रीम तिला नक्की आवडेल. पण जेलीपासून सांभाळा! युटाचे लोक जेलीवर जीव टाकतात, २००१ साली राज्याने तिला अधिकृत खाऊ म्हणून मान्यता दिली. घरगुती जेवणात हिरवी, लाल जेली हटकून असते आणि तिच्यात जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. मला हे कळायच्या आत मी तीन घरांत आवडीने खाऊन बसलो होतो. मार्शमेलोतही तेच. यजमान बिचारे गोड पदार्थ म्हणून शाकाहारीच समजतात. विचारलं की लगेच वेगळं करून देतात.

---

सह्यकडा

मी युटातच लीहाय नावाच्या गावात नोकरी करतो, प्रोव्होपासून अर्ध्या तासावर. कृष्णाकाठने होळी कशी विसरली?

प्रोव्होच्या दक्षिणेला स्पॅनिश फोर्क नावाचं गाव आहे. तिथे शेतांच्या मधोमध टेकाडावर राधाकृष्णाचं देऊळ आहे, घुमट, कमानी, आवारात मोर आणि लामा (उंटाच्या कुळातला लोकरीचा प्राणी). मार्चअखेरीस तिथे रंगोत्सव होतो आणि हजारोंनी लोक येतात. त्यातले बहुसंख्य कोण? बीवाययूची मुलं! पांढरे सदरे घालून, गाड्या भरभरून. ठरावीक वेळाने उलटी गणती होते आणि एकदम सगळे रंग उधळतात. आकाश दिसत नाही. मंचावर कीर्तन चालू असतं आणि ही सोनेरी केसांची मुलं दोन्ही हात वर करून 'हरे कृष्ण' म्हणत असतात.

मी तिथे सेवेला उभा राहतो. एवढी गर्दी, एवढं तरुण रक्त, आणि दारूचा थेंब नाही, धक्काबुक्की नाही. हा उत्सव त्यांना का जवळचा वाटतो ते तिथे कळतं. नशेशिवाय बेभान होण्याची जागा तरुण वयात कुणाला नको असते? शनिवारी मुंगीला शिरायला जागा नसते. रविवारी त्यांचा चर्चचा दिवस, तेव्हा जरा श्वास घेता येतो.

आणि सोडा! चहा-कॉफी नाही म्हणून इथे गल्लोगल्ली सोड्याची दुकानं आहेत. कोलात नारळाचं सरबत, लिंबू, वर साय. सकाळी आठला गाड्यांची रांग असते.

---

कृष्णाकाठ

@सह्यकडा, होळीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. सोड्यावरून आठवलं, गावात कोला मिळायचा पण कॅम्पसवर कॅफिनवाला कोला मिळत नव्हता. कोलावर धर्माची बंदी नाही हे चर्चने २०१२ मध्येच स्पष्ट केलं होतं, तरी कॅम्पसवर तो सप्टेंबर २०१७ ला आला. मी तेव्हा तिथे होतो. वर्ग संपवून बाहेर आलो तर यंत्रासमोर मुलं डबा हातात धरून फोटो काढत होती. एवढ्याशा गोष्टीचा एवढा आनंद बघून मलाही भरून आलं होतं.

---

टिपणवही

छोटीशी दुरुस्ती सुचवते. २०१८ पासून चर्चने 'मॉर्मन' हा शब्द टाळून 'येशू ख्रिस्ताचं अखेरच्या दिवसांतल्या संतांचं चर्च' असं पूर्ण नाव वापरायची विनंती केली आहे. आपण रूढ म्हणून मॉर्मन लिहितो ते समजू शकते, पण त्यांच्यासमोर बोलताना ध्यानात ठेवावं.

आणि एक प्रश्न. तिथे मुलं विसाव्या-एकविसाव्या वर्षी लग्न करतात असं ऐकलंय. शिक्षण चालू असताना?

---

कृष्णाकाठ

दुरुस्ती मान्य. धाग्याचं नाव लोकांना सापडावं म्हणून तसं ठेवलंय.

हो, करतात. माझ्या प्रयोगशाळेतल्या पदवीच्या मुलांपैकी निम्म्यांच्या बोटात अंगठी होती. वाचनालयाच्या दारात बाबागाडी दिसणं अगदी रोजचं. नवरा परीक्षेला आत, बायको बाळाला घेऊन बाहेर हिरवळीवर, दोन तासांनी अदलाबदल. विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेगळी वसाहतच आहे. अविवाहितांच्या सदनिका मुलांच्या वेगळ्या, मुलींच्या वेगळ्या. मुलांकडे मुली किंवा मुलींकडे मुलं आली तर बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर एवढ्यापर्यंतच आणि मध्यरात्रीपर्यंतच, शुक्रवारी तेवढी दीड वाजेपर्यंत सवलत.

लग्नात मला एक गोष्ट चटका लावून गेली. लग्न त्यांच्या मंदिरात लागतं आणि तिथे फक्त चर्चच्या अटी पूर्ण करणाऱ्या सभासदांनाच प्रवेश. माझ्या एका मित्राची आई पंथाबाहेरची. मुलाच्या लग्नाच्या वेळी ती बाहेर बाकावर बसून होती, मी शेजारी. नोव्हेंबरची थंडी, हातात पुष्पगुच्छ. दार उघडून दोघं बाहेर आली तेव्हा ती धावली. तासाभरात ती माझ्याशी एवढंच बोलली होती, "आत कसं असेल?" कोर्टात आधी लग्न लावून सगळ्यांना बोलवावं तर अमेरिकेत मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागे. मे २०१९ मध्ये चर्चने ती अट काढली. बातमी वाचली तेव्हा मला ती माउलीच आठवली.

मिशनबद्दलही सांगायला हवं. मुलं अठराव्या वर्षी दोन वर्षांसाठी धर्मप्रसाराला जातात, मुली दीड वर्षासाठी. मुलांचं वय २०१२ मध्ये १९ वरून १८ केलं, मुलींचं २१ वरून १९, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मुलींचंही १८ केलं. कुठे जायचं ते चर्च ठरवतं, खर्च घरचा. माझा खोलीमित्र फिजीला गेला होता, तिथल्या हिंदी बोलणाऱ्या लोकांत. आयडाहोच्या बटाट्याच्या शेतात वाढलेला हा मुलगा माझ्याशी फिजीची हिंदी बोलायचा, अवधी-भोजपुरीच्या वळणाची. ऊस तोडायला गेलेल्या गिरमिटियांच्या (करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या) नातवंडांकडून शिकलेली. त्या दोन वर्षांत घरी फोन फक्त नाताळला आणि मातृदिनाला. आठवड्याला फोन करायची मुभा २०१९ ला मिळाली. तो सांगायचा, नाताळच्या फोनला पहिली पाच मिनिटं आई नुसती रडली.

---

उत्तरा

सगळं वाचलं. तुम्ही प्रेमाने लिहिलंय, पण एक बाजू राहून गेली ती मी मांडते, कारण शेवंतीताईंसारखे पालक इथे वाचतायत.

पंथाबाहेरचा विद्यार्थी तिथे सुखाने शिकू शकतो. पण जो जन्मापासून सभासद आहे आणि विसाव्या वर्षी ज्याची श्रद्धा उडाली, त्याने चर्च सोडलं तर त्याचं शिफारसपत्र जातं, आणि पत्र गेलं की शिक्षणच थांबतं. हिंदू राहून पदवी मिळते, पण मॉर्मन असून नास्तिक झालं तर नाही. समलिंगी मुलांचं तर आणखी अवघड. फेब्रुवारी २०२० मध्ये ऑनर कोडमधून त्यांच्याबद्दलचा भाग काढला, मुलांनी आनंदाने मिठ्या मारल्या, आणि मार्चच्या सुरुवातीला पत्रक आलं की असे प्रेमसंबंध अजूनही नियमात बसत नाहीत. ज्यांनी त्या दोन आठवड्यांत विश्वासाने आपली ओळख उघड केली त्यांचं काय झालं असेल? २०१६ मध्ये तर लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्या मुलींचीच ऑनर कोडखाली चौकशी होते हे बाहेर आलं, आणि मोठा आवाज उठल्यावर तक्रारदारांना अभय देणारा नियम करावा लागला.

शब्द पाळणं सुंदर आहे. पण शब्द घेणाऱ्याच्या हातात किती सत्ता आहे तेही बघा.

---

निवृत्त_मास्तर

उत्तराताई, तुमच्या म्हणण्याला माझ्या घरातलं एक उदाहरण जोडतो.

माझे वडील माळकरी. देहूला तुळशीची माळ घातली त्या दिवसापासून मटण, दारू, खोटं बोलणं बंद. पंचेचाळीस वर्षं पाळलं. लग्नकार्यात लोक आग्रह करायचे, ते गळ्यातल्या माळेला हात लावायचे, विषय संपायचा. कृष्णाकाठच्या आईने 'व्रत' म्हटलं ते मला अगदी पटलं.

पण माझ्या धाकट्या भावाने माळ घातली आणि तीन वर्षांनी उतरवली. वडिलांना वाईट वाटलं, दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याच्या कॉलेजची फी नेहमीसारखीच भरली. माळ आणि फी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे चौथी शिकलेल्या माणसाला कळत होतं.

---

कृष्णाकाठ

मास्तर, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

उत्तराताई, तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मी ते मूळ लेखात लिहायला हवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर एक मुलगा आहे, नाव-गाव सांगत नाही. शेवटच्या दोन सत्रांत त्याचा विश्वास उरला नव्हता. दर रविवारी तो नीट टाय बांधून चर्चला जायचा आणि परत आल्यावर माझ्याकडे येऊन गप्प बसायचा. मी गवती चहा करायचो. तो एकदा म्हणाला, "तू हा नियम पाळतोस तेव्हा तू खरं वागतोस. मी पाळतो तेव्हा खोटं." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला चहा सोडणं सोपं गेलं, कारण पदवी हातात पडली की तो परत मिळणार होता आणि दरम्यान माझा देव माझ्याजवळ होता. माझी सही माझ्या इच्छेची होती. त्याची सही अठराव्या वर्षाची, घरादाराच्या इच्छेची. कागद मात्र दोघांचा एकच.

तरीही त्या मुलांचं चांगलेपण मी कमी करून सांगणार नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते निर्जळी उपवास करतात आणि वाचलेल्या दोन जेवणांचे पैसे गरिबांसाठी देतात. मी आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी केली तर माझा फिजीवाला मित्र चकित, उपवासाला खाता कसं? मी आजीची गोष्ट सांगितली, तीही निर्जळी करायची. त्याने पुढच्या उपवासाला माझ्या आजीच्या नावाने पैसे दिले. मला महिन्याने कळलं, तेही दुसऱ्याकडून.

---

मांडवीतीर

आम्ही म्हापशाचे ख्रिस्ती. आमच्याकडे चाळीस दिवसांचा उपासकाळ असतो, पण कडक कॉफीशिवाय उपास कसा करायचा हे माझ्या आईला कुणी समजावू शकणार नाही. धागा वाचून दाखवला. ती म्हणते, त्या बाहेर बसलेल्या बाईला आत न्यायला हवं होतं.

---

शेवंती

मुलीला हा अख्खा धागा वाचायला दिला, उत्तराताईंचा प्रतिसाद दोनदा. ती म्हणाली, मला अर्ज करायचाय, पण आई, सही करायच्या आधी मी तो नियमांचा कागद पूर्ण वाचणार आणि तुझ्यासमोर बसून वाचणार. मला बरं वाटलं.

एक विचारायचं राहिलं. कुंडीतला गवती चहा मी वाळवून दिला तर वास टिकतो का?

---

कृष्णाकाठ

ताई, सावलीत वाळवला आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तर सहा महिने टिकतो, पण वास निम्मा होतो. ताजे देठ तिथे मिळतात, त्याची काळजी नको. तिला छोटा खलबत्ता द्या. दगडी नको, वजन फार होतं, पितळी द्या. मिक्सरमध्ये त्या देठाचे तंतू अडकतात.